ब्लोअर जोडला की मिनी ट्रॅक्टर दम सोडतो: फिल्टर बदलूनही परत परत येणारी तक्रार

आधी लक्षणं सांगतो. तुमच्याकडे नेमकं हेच होत असेल तर पुढचं सगळं वाचा. वेगळं काही होत असेल तर निदान धुराबद्दल लिहिलंय तेवढं बघा.

ट्रॅक्टर साधारण २५ एचपीचा, तीन सिलिंडरचा, बागेतल्या ओळींतून जाणारा अरुंद. सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होतो. मोकळा उभा असला की आवाज एकसारखा. रस्त्यानं रिकामी ट्रॉली नेताना काही तक्रार नाही. ब्लोअर (पंख्याच्या जोरावर औषध फवारणारं यंत्र) जोडला, पीटीओ (ब्लोअर फिरवणारा मागचा शाफ्ट) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणला आणि बागेत घातला, की पहिल्या काही ओळी छान जातात. मग आवाज बसायला लागतो. रेस वाढवली तरी इंजिन उचलत नाही, वर-खाली होतं आणि शेवटी बंद पडतं. पंधरा-वीस मिनिटं तसाच उभा ठेवला की पुन्हा चालू होतो, काही झालंच नाही असा. दोन-चार ओळी जातात, की परत तेच.

आमची बाग निफाड तालुक्यात. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (नवा कोंब) फुटला की फुलोरा संपेपर्यंतचे दिवस कसे असतात ते द्राक्षवाल्याला सांगायला नको. नोव्हेंबरात ढगाळ हवा आली, पावसाचे चार थेंब पडले, की डावणी रोगासाठी फवारणी त्याच दिवशी झाली पाहिजे. उद्यावर ढकलली तर घड कुजलेला बघायची वेळ येते. अशा वेळी ट्रॅक्टर अकराव्या ओळीत उभा राहिला की माणसाच्या पोटात गोळा येतो.

आम्ही दोन हंगामांत पाच वेळा डिझेल फिल्टर बदलले. दर वेळी मिस्त्री आले, दोन्ही फिल्टर नवे टाकले, टाकी रिकामी करून पुसून घेतली, एअर काढला (नळ्यांत अडकलेली हवा बाहेर सोडली), ट्रॅक्टर पळाला. आम्ही म्हटलं, पेट्रोल पंपावरचं डिझेल खराब. पेट्रोल पंप बदलला. तीन आठवड्यांनी परत तीच गत. मग कुणी म्हणालं फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) गेला, कुणी म्हणालं इंजिनात डिझेल सोडणारे नोझल तपासा. नोझल काढून तपासून आणले. चांगलेच होते.

उलगडा झाला तो शेजारच्या बागेतल्या नानांमुळे. ट्रॅक्टर बंद पडलेला, भाऊ फिल्टरच्या नटाला पाना लावत होता. नाना बांधावरून आले, थोडा वेळ उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "पाना ठेव खाली. टाकीचं टोपण खोल बरं आधी."

भावानं टोपण अर्धा आटा फिरवलं आणि टाकीनं हवा ओढली. स्स्स असा लांब आवाज, चांगला दोन-तीन सेकंद. प्लॅस्टिकची टाकी एका बाजूनं आत दबली होती, ती 'पॉक' करून बाहेर आली. तोवर ती दबलेली आहे हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. टोपण नुसतं टेकवून ठेवलं, सेल्फ मारला, आणि राहिलेली बाग एका दमात फवारून झाली.

टोपण घरी आणून उजेडात बघितलं. कडेला खालच्या बाजूनं सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यावर निळसर पांढरी खपली बसली होती. बोर्डो मिश्रण, गंधक आणि धूळ यांचा थर, थरावर थर, वाळून सिमेंटसारखा झालेला. ब्लोअरचा तुषार मागे सुटतो, पण वारा उलटा असला की तोच बोनेटवर, सीटवर, टोपणावर येऊन बसतो. हे आपण रोज बघतो आणि फडक्यानं पुसून टाकतो. भोकातलं मात्र फडक्यानं निघत नाही.

आता हे होतं कसं ते नीट समजून घ्या, म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरवर ताडून बघता येईल. टाकीतून जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती त्या भोकातून येते. भोक बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल खाली उतरायला कुरकुर करतं. २५ एचपीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण ५ लिटर डिझेल खातं, म्हणजे मिनिटाला १०० मिलीच्या आतच. मोकळं चालताना त्याच्या चौथाईनंही भागतं. म्हणूनच गोठ्यापुढे उभा असताना ट्रॅक्टर निरोगी दिसतो आणि ब्लोअरच्या भारावर उघडा पडतो. उभा ठेवला की टोपणाच्या वायसरमधून हळूहळू हवा शिरते, ओढ कमी होते, आणि पंधरा मिनिटांनी तो परत चालू होतो.

यातली एक खूण फार उपयोगाची आहे. टाकी गच्च भरलेली असताना ट्रॅक्टर लवकर बंद पडतो का बघा. टोपणापर्यंत भरलेल्या टाकीत वर हवेला जागाच नसते. लिटरभर डिझेल गेलं तरी ओढ जोराची बसते. अर्धी टाकी असेल तर वरची हवा ताणली जाते आणि बराच वेळ निभतं. आमच्याकडे असंच व्हायचं. सकाळी भरून निघालो की पहिल्याच फेरीत बंद, आणि दुपारी टाकी निम्म्यावर आली की पाऊण-एक तास चालायचा. डिझेल कमी झालं की बंद पडतो असं असतं तर उलटं व्हायला हवं होतं.

मग फिल्टर बदलल्यावर ट्रॅक्टर बरा का व्हायचा? कारण मिस्त्री टाकी रिकामी करताना टोपण डिझेलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं पुसायचे. त्यानं भोक थोडं मोकळं व्हायचं, आणि तीन-चार फवारण्यांनी परत बुजायचं. श्रेय फिल्टरला जात होतं.

म्हणून पहिली तपासणी फुकटची: ट्रॅक्टर दम सोडायला लागला की इंजिन चालू असतानाच टोपण ढिलं करा. आवाज उचलला तर दुखणं सापडलं. टोपण डिझेलमध्ये भिजत ठेवा, बारीक तारेनं भोक मोकळं करा, हवा मारा. काही टोपणांत साधं भोक नसून आत छोटा व्हॉल्व्ह असतो. तिथे तार घालू नका, भिजवून धुवा, नाहीच सुटला तर नवं टोपण आणा. काही ट्रॅक्टरांना हवेची वेगळी नळी असते, ती टाकीच्या वरून निघून खाली सोडलेली असते. तिच्या तोंडात कुंभारमाशीनं घर केलेलं मी स्वतः काढलंय. आणि कृपा करून टोपणाला ड्रिलनं मोठं भोक पाडू नका. कुणीकुणी तसं करतात. त्यातून पुढच्याच धुण्याला पाणी थेट डिझेलमध्ये जातं आणि एका दुखण्याची दोन होतात.

धूर काय सांगतो

टोपण ढिलं करून फरक पडला नाही, तर सायलेन्सरकडे बघा. इंजिन दम सोडतंय आणि काळा धूर ओकतंय, पण बंद पडत नाही, तर हवा कमी पडतेय: एअर फिल्टर. इंजिन दम सोडतंय, धूर जवळजवळ नाही, आवाज वर-खाली होतोय आणि बंद पडतंय, तर डिझेल कमी पडतंय. गरम इंजिन पांढरा धूर देऊन मिसिंग मारत (अडखळत) असेल तर डिझेलमध्ये पाणी आहे का ते आधी बघा. एवढं ओळखता आलं तरी निम्मा खर्च वाचतो. मिस्त्रींना फोन करतानाही "बंद पडतोय" एवढंच सांगू नका. धूर कसा होता, भार काय होता, किती वेळानं बंद पडला आणि टाकी किती भरलेली होती, हे सांगा.

डिझेल कमी पडतंय हे ठरलं की टाकीपासून इंजिनाकडे चालत या. फिल्टरकडे येणारी नळी सोडा, कॉक उघडा, धार पारदर्शक बाटलीत घ्या. धार जोमानं येऊन मग बारीक झाली तर टाकीच्या तोंडाशी कचरा आहे. धार लागते तेव्हा तो येऊन तोंडावर बसतो, इंजिन बंद झालं की सुटून तळाशी जातो. हेही 'थोडा वेळ थांबवलं की चालतो' असंच दिसतं, म्हणून टोपणाची परीक्षा आधी करायची. बाटली तशीच दहा मिनिटं ठेवा. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी गोल मण्यांसारखं बसतं.

जुना फिल्टर फेकू नका, आधी उघडा

पत्रा कापायच्या कात्रीनं फिल्टरचा डबा उघडा आणि आतला कागद वर्तमानपत्रावर पसरा. सगळीकडे सारखा काळसर असेल तर तो आपल्या वयानं भरलाय, तास झाले होते. विटकरी भुकटी दिसली तर गंज आहे, पत्र्याच्या टाकीतला किंवा ड्रममधला. बारीक धागे दिसले तर घरात कुणीतरी डिझेल जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या कापडातून गाळतंय. सुती कापडाचे धागे सुटतात, त्यापेक्षा बारीक जाळीचं नरसाळं घ्या. आणि काळपट, शेवाळासारखा बुळबुळीत थर असेल तर टाकीत पाणी बरेच दिवस साचलंय. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांचा तो थर असतो. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून काही होणार नाही. टाकी उतरवून आतून धुवावी लागते.

आमच्याकडे चौथ्या फिल्टरमध्ये गंज आणि पाणी दोन्ही निघालं. दोष ड्रमचा होता. फवारणीच्या दिवसांत २०० लिटरचा ड्रम भरून उघड्यावर उभा ठेवायचो. ड्रमच्या वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, रात्री गार होतो, आणि गार होताना बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढलं जातं. बूच घट्ट असलं तरी. तेव्हापासून ड्रम छपराखाली, थोडा तिरपा, बुचं पाण्यात बुडणार नाहीत असा ठेवतो. तळाचं तीन-चार बोटं डिझेल ट्रॅक्टरमध्ये घालत नाही.

दुसरं पाणी हवेतून येतं. निफाडचा हिवाळा पेपरात दर वर्षी येतो. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा राज्यातल्या सर्वांत कमी आकड्यांत असतो. अशा रात्री अर्धी रिकामी टाकी उघड्यावर राहिली की आतल्या भिंतींना घाम फुटतो आणि तो खाली उतरतो. म्हणून डिझेल संध्याकाळी काम संपल्यावर भरायचं, सकाळी निघताना नाही. फिल्टरखाली वाटी असेल तर तिचा स्क्रू आठवड्यातून एकदा सकाळी, ट्रॅक्टर हलवायच्या आधी सोडायचा. रात्रभरात पाणी तिथे बसलेलं असतं.

फिल्टर बसवताना आणि एअर काढताना

नवा फिल्टर हातानं डिझेल ओतून भरून बसवायची सवय सगळ्यांना असते, एअर लवकर निघतो म्हणून. पहिल्या फिल्टरला ते चालेल. दुसऱ्या, म्हणजे पंपाच्या आधीच्या शेवटच्या फिल्टरला करू नका. तुम्ही ओतलेलं डिझेल गाळलेल्या बाजूला गेलं तर तिथून पुढे अडवायला काहीच नाही. डिझेल पंपातल्या प्लंजरची, म्हणजे आत सरकणाऱ्या दट्ट्याची, फट दोन-तीन मायक्रॉनची असते. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड, त्यावरून अंदाज घ्या. दुसरा फिल्टर कोराच बसवा आणि हँड प्रायमरनं, म्हणजे हातानं दाबायच्या छोट्या पंपानं, भरा. वेळ जातो, जाऊ द्या.

फिल्टर फिरवून बसवायचा असेल तर रबरी वायसरला डिझेलचं बोट लावा, वायसर टेकला की हातानं पाऊण आटा. पाना नको. बोल्टचा असेल तर तांब्याचे वायसर नवे घ्या, दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे. टाकी ते फीड पंप या भागात वायसर किंवा नळी सैल असेल तर डिझेल गळताना दिसत नाही, कारण इंजिन चालू असताना तिथे हवा आत ओढली जाते. नळी कोरडी दिसते आणि ट्रॅक्टर एअर घेत राहतो. शंका आली तर फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावून बघा. बुडबुडे पळताना दिसले की मागे मागे जात सांधा शोधायचा. थंडीत उंदीर रबरी नळ्या कुरतडतात, तेही बघा.

एअर काढण्याचा क्रम तोच: फिल्टरवरचा स्क्रू ढिला, हँड प्रायमर मारत राहा, फेस थांबून अखंड धार आली की प्रायमर मारता मारताच स्क्रू कसा. मग पंपावरचा. तरीही चालू झाला नाही तरच नोझलकडच्या नळ्यांचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती. आणि नोझलच्या नळीची गळती बोटानं तपासायची नाही, कधीच नाही. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, बाहेर फक्त ठिपका दिसतो आणि बोट जायची वेळ येते. पुठ्ठा धरा.

हे सगळं साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरांसाठी. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ चे प्रदूषणाचे नियम लागले आणि त्यांत कॉमन रेल, म्हणजे फार जास्त दाबाची इलेक्ट्रॉनिक डिझेल यंत्रणा, आली. त्यांचे नट ढिले करायच्या फंदात पडू नका. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरांत अजून बहुतेक यांत्रिकच पंप आहे.

काळा धूर असेल तर

ऑइल बाथ, म्हणजे तेलाच्या वाटीचा एअर फिल्टर, असेल तर वाटी उतरवा. धुळीच्या दिवसांत, म्हणजे रोटाव्हेटर चालतो तेव्हा, रोज संध्याकाळी. तळाशी चिखलाचा थर अर्ध्या बोटाचा झाला की ऑइल बदला, जाळी डिझेलमध्ये धुऊन निथळू द्या. इंजिनाचंच ऑइल, आतल्या खुणेपर्यंत. जास्त घातलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि रेस हाताबाहेर जाऊ शकते.

कागदी फिल्टर टायरवर आपटू नका. कागदाच्या घड्या वाकतात, कडेचा सांधा सुटतो आणि धूळ बाजूनं आत जाते. हवा मारायची ती आतून बाहेर, दोन किलोच्या आतल्या दाबानं. मग आत बॅटरी धरून बाहेरून बघा, कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर संपला. आतला छोटा फिल्टर साफ करायचा नसतो, तो बदलायचाच असतो. डब्याखालची रबराची चोच रोज दाबून धूळ पाडा. ती फाटली असेल तर फिल्टर दुप्पट वेगानं भरतो, आणि ती रुपयांत शेवटची पण कामात पहिली वस्तू आहे.

बाकीची तेलं

इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या तासांना, बहुतेकांना २५० तास. नव्या ट्रॅक्टरला पहिला बदल ५० तासांना, तो चुकवू नका. ऑइल गरम असताना सोडा. कूलंट अर्धं-अर्धं पाण्यात. रेडिएटरच्या जाळीत द्राक्षाची पानं आणि औषधाची भुकटी अडकते, ती आतून बाहेर फुंकून काढा.

गिअरबॉक्सच्या ऑइलवर मात्र थांबतो, कारण टोपणासारखीच भानगड तिथेही निघाली. डिपस्टिक काढली तर ऑइल ताकासारखं पांढरट. पाणी कुठून आलं? फवारणी झाली की आपण एचटीपीच्या (जास्त दाबाच्या फवारणी पंपाच्या) गननं ट्रॅक्टर धुतो, आणि गन गिअरच्या दांड्यांच्या रबरी टोप्यांवर आणि ब्रीदरवर (आतल्या हवेला वाट देणाऱ्या भोकावर) जवळून मारतो. या छोट्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि लिफ्ट (मागचं अवजार उचलणारी यंत्रणा) बहुधा एकाच ऑइलवर चालतात. पाणी शिरलं की लिफ्ट किंचाळते, हळू उचलते, आणि आपण लिफ्टचा पंप उघडायला निघतो. आधी ऑइलचा रंग बघा, मग लिफ्टचा गाळणी फिल्टर. ब्रीदरही औषधाच्या खपलीनं बुजतो. मग ऑइल तापलं की दाब बाहेर पडायला वाट नाही, आणि तो ऑइल सीलमधून वाट काढतो. आमचा पीटीओचा सील वर्षात दोनदा गळला. तिसऱ्यांदा बदलायच्या आधी ब्रीदर साफ केला, तेव्हापासून कोरडा आहे.

सर्व्हिसच्या तक्त्यात फिल्टर असतात, ऑइल असतात, हवेची ही भोकं ठळक लिहिलेली मला दिसली नाहीत. आम्ही वहीत वेगळं पान केलंय: टाकीचं टोपण, गिअरबॉक्सचा ब्रीदर, इंजिनाचा ब्रीदर. बोर्डो मारली की त्याच संध्याकाळी तिन्ही. एरवी पंधरा दिवसांनी. ट्रॅक्टर धुताना टोपणावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतो, एअर फिल्टरच्या तोंडावर दुसरी, आणि सेल्फ मारायच्या आधी दोन्ही काढल्या का ते धुणाराच बघतो.

सायकलच्या ब्रेकच्या केबलमधली एक तार वीतभर तोडून तिचा वेटोळा भावानं ट्रॅक्टरच्या किल्लीला अडकवलाय. टोपणाच्या भोकात ती बरोबर जाते.